सुट्टं पाकीट मिळत नाही

नवऱ्याला प्रेमाने एखादी वस्तू द्यावी, एवढी साधी इच्छा कळमनुरीत पुरी करताना किती त्रास पडतो, याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही. म्हणून मी लिहिते आहे. तक्रार लहान आहे, हे मला कुणी सांगू नये. लहान म्हणून कुणी नोंदवत नाही आणि नोंदवत नाही म्हणून ती पुढच्या वर्षीही तशीच राहते.

पहिली तक्रार तारखेबद्दल. १४ फेब्रुवारी हा दिवस आमच्या भागाला अजिबात सोयीचा नाही. जूनच्या सुमारास लावलेली हळद फेब्रुवारीत काढणीला येते. आधी पाला कापायचा, मग काढणी, मग गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची. त्यानंतर ट्रॉलीवरचा कुकर शेतात येतो, बॉयलर पेटतो आणि वाफेवर हळद शिजवायचं काम रात्र-रात्र चालतं, कारण कुकरवाल्याकडे अख्ख्या गावाचे नंबर लागलेले असतात. शिजलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि मग हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या मार्केटला न्यायची. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला सगळ्यांना आनंद आहे. पण या दिवसांत आमचे हे घरी येतात ते कोपरापर्यंत पिवळे होऊन, डोळ्यांत धूर आणि पायांत गोळे घेऊन. जेवताना ताटावर डोळा लागतो. अशा माणसाच्या हातात त्या रात्री गुलाब द्यायचा तर आधी त्याला जागं करावं लागतं, आणि ते मला बरं वाटत नाही.

बाजारात मात्र त्याच आठवड्यात लाल फुगे लागतात. जनरल स्टोअरच्या दारात बदामाच्या आकाराच्या उशा टांगलेल्या असतात. गर्दी असते ती कॉलेजच्या पोरांची. चाळिशी ओलांडलेली बाई तिथं उभी राहिली की दुकानातला मुलगा विचारतो, "काकू, काय दाखवू? मुलाचा बर्थडे आहे का?" नवऱ्यासाठी हवंय म्हटलं की तो आधी माझ्याकडे आणि मग मालकाकडे बघतो. काही वावगं बोलत नाही, आवाज तेवढा हळू करतो. मी काही चोरून नेत नाहीये. माझ्या पगारातून, माझ्या नवऱ्यासाठी, भर दुपारी एक वस्तू घ्यायला आले आहे. आवाज हळू करायची गरज नाही.

मग म्हणतात, आपले सण काय कमी आहेत, इंग्रजी दिवस कशाला हवा? मी आपले सण एकेक करून तपासले. दिवाळीच्या पाडव्याला मी ओवाळते आणि हे ताटात ओवाळणी टाकतात. देणारे हे, घेणारी मी. संक्रांतीचं वाण बायकांचं बायकांत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला जावयाला हलव्याचा हार आणि नारळ मिळतो खरा, पण तो सासू देते, आणि तोही एकदाच. अधिक महिना आला की जावयाला धोंडे खायला बोलावतात, अनारसे देतात, कपडे करतात. २०२३ ला श्रावण अधिक होता, २०२६ ला ज्येष्ठ. म्हणजे साधारण पावणेतीन वर्षांनी का होईना, पुरुषाला मानाने काही मिळण्याची सोय आपल्या पंचांगात आहे. पण तीही सासुरवाडीकडून. त्या सगळ्या सोहळ्यात बायकोने स्वतः, स्वतःच्या मनाने, स्वतःच्या पैशाने काही द्यायची जागा कुठेच नाही. वटपौर्णिमेला मी यांच्यासाठी दिवसभर उपाशी राहते, हरतालिकेला पाणीसुद्धा पीत नाही, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. माझा उपास चालतो. मी आणलेला शर्ट दिसला की मात्र घरातल्या मोठ्यांना खर्चाची आठवण होते.

याचं मूळ कुठं आहे, ते मला ठाऊक आहे, आणि ते सांगताना मला आजही राग येतो. आमच्याकडे नवऱ्या मुलाला मिळणाऱ्या वस्तूंना एक जुना इतिहास आहे. घड्याळ, सायकल, रेडिओ, अंगठी, सफारीचं कापड, पुढे मोटारसायकल. हे सगळं बैठकीत ठरायचं, कागदावर यायचं, आणि पोरीच्या बापाने हात जोडून कबूल करायचं. बंगळूरला एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली मनगटी घड्याळं करायला सुरुवात केली. पुढे कितीतरी वर्षं ते घड्याळ नवरदेवाच्या मनगटावर चढलं ते सासऱ्याच्या खिशातून. हुंडा प्रतिबंधक कायदाही त्याच १९६१ सालचा. १९८५ च्या नियमांनुसार लग्नात मिळालेल्या भेटींची यादी ठेवावी लागते : वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, त्याचं नातं. कायदा बरोबरच आहे आणि तो अजून कडक पाळला जावा असं मला वाटतं. पण पुरुषाला वस्तू देणं म्हणजे मागणी, मानपान आणि हिशोब, हे आमच्या मनात इतकं घट्ट बसलं आहे की घड्याळाच्या काचेपुढे उभं राहिलं की मला माझ्या वडिलांचा चेहरा दिसतो. त्यांनी ते घड्याळ कसं जमवलं, ते मी पाहिलं आहे. म्हणून नवऱ्याला घड्याळ द्यायला माझा हात धजत नाही. सुंदर वस्तू आहे, यांना शोभेलही. पण ती वस्तू आमच्या हातून गेली ती गेलीच.

उरतं काय? कापड. पुरुषाला द्यायच्या कापडाचीही गत पाहा. आहेर म्हणजे टॉवेल-टोपी. जरा जवळचा असेल तर शर्टपीस, पँटपीस. आमच्या कपाटातला खालचा कप्पा शर्टपीसने भरलेला आहे. त्यातला एकही शिवलेला नाही. लगीनसराईत टेलर तारीख देत नाही, आणि लगीनसराई सरली की यांना शिवायची आठवण राहत नाही. मग कुणाच्या तरी वास्तुशांतीला तोच पीस बाहेर निघतो, नवा कागद लागतो आणि दुसऱ्याच्या कपाटात जाऊन बसतो. प्लॅस्टिकच्या पिशवीची कड पिवळी पडलेली असते, त्यावरून तो किती घरं फिरला ते कळतं. अशा कापडात मी माझं प्रेम गुंडाळून कसं देऊ?

मराठवाड्यात हातमागाचं काही घ्यायचं म्हटलं की सगळे एका सुरात पैठणी सांगतात. पैठणी माझ्यासाठी झाली. पुरुषासाठी याच मातीत हिमरू होतं, सुती ताण्यावर रेशमी नक्षीचं कापड. निजामाच्या राजवटीत सरदार-जहागीरदारांच्या शेरवान्या त्याच्या असायच्या. १९४८ च्या सप्टेंबरात निजाम गेला हे फार चांगलं झालं, पण त्याच्याबरोबर पुरुषाने अंगावर सुंदर कापड घालायची हौसही गेली असं आपण का धरून चाललो आहोत? आज हिमरू बघायचं तर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, आणि तिथंही समोर येते ती शाल. नवऱ्यासाठी शाल घ्यायची तर लोक विचारतात, सत्कार आहे का.

तयार शर्ट घ्यावा तर माप लागतं. यांना विचारलं तर म्हणतात, "नेहमीचंच." नेहमीचं म्हणजे काय, ते कॉलरच्या आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पण धुऊन धुऊन ती पट्टी कोरी झालेली. एका कंपनीचा ४२ दुसऱ्या कंपनीच्या ४० एवढा निघतो. पोट कधी वाढतं, हळदीच्या दिवसांत कधी आत जातं. तरीही मी एकदा फिकट निळा शर्ट आणला, तो बसलाही, आणि यांनी तो लग्नकार्यासाठी ठेवायच्या ऐवजी सरळ अंगात घातला. मला फार आनंद झाला. नेमका त्याच रात्री कुकरचा नंबर लागला आणि हे तसेच शेतात गेले.

त्या शर्टाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हळदीच्या गावातल्या बाईलाच हे कळेल. दोन्ही बाह्यांवर आणि खिशाच्या वर पिवळे पट्टे. मी साबण लावला आणि पिवळ्याचा तांबडा झाला, कुंकू सांडल्यासारखा. हळदीतल्या रंगाला क्षार लागला की तो असाच लाल होतो. लिंबू पिळलं की परत पिवळा. घाबरून घासत बसू नये. खळखळून साबण काढावा आणि कपडा ओला असतानाच कडक उन्हात पसरावा. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही, तो विटत जातो. मी तो शर्ट गच्चीवर दोरीला लावला, संध्याकाळी काढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. बाह्या स्वच्छ झाल्या. खिशावर मात्र नखाएवढा डाग राहिला, तो आजही आहे. शर्टाला मी दोष देत नाही आणि हळदीलाही देत नाही. पण पुरुषांसाठी शर्ट बनवणाऱ्या एवढ्या कंपन्यांत शेतात राबणारा माणूसही कुणाचा तरी लाडका असतो, हे एकीनेही लक्षात घेतलेलं नाही. त्याच्यासाठी चांगल्या कापडाचा, चांगल्या रंगाचा, डाग सोसणारा शर्ट कुणी करत नाही. कामाचे कपडे म्हणजे जुने झालेले कपडे, एवढंच सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे.

आता पाकीट. यांचं पाकीट शिवणीतून उसवलं आहे. आत आधार कार्ड, खताच्या पावत्या, खंडोबाचा फोटो आणि एका टायरवाल्याचं कार्ड. मला एक साधं, मऊ चामड्याचं, दोन घड्यांचं पाकीट हवं होतं. दुकानात ते होतं. पण ते एका खोक्यात होतं, आणि त्या खोक्यात पट्टा, पेन आणि किल्ल्यांची साखळीही होती. झाकणाला प्लॅस्टिकची खिडकी, आत मखमलीसारखा कागद, आणि प्रत्येक वस्तू पुठ्ठ्याला रबराने बांधलेली.

"मला फक्त पाकीट द्या."

"ताई, सुट्टं येत नाही. कॉम्बो आहे."

"पट्टा यांना बसणार नाही."

"भोक पाडून देतो ना."

पेन मी तिथंच कागदावर ओढून पाहिलं. उठलं नाही. दुकानदार म्हणाला, "गिफ्टचं पेन आहे ताई, लिहायचं नाही." मला हे पटत नाही. ज्याला द्यायचं त्याने लिहू नये, अशा पेनात प्रेम कुठं भरलं जातं? चार वस्तू एका खोक्यात घातल्या की त्यातली कुठली मी निवडली, हेच घेणाऱ्याला कळत नाही. मी हिंगोलीतही विचारून आले, नांदेडला वजिराबादेत विचारलं. सुटं मिळालं ते रेक्झिनचं, आणि चामड्याचं मिळालं ते खोक्यात.

शेजारच्या काकूंचं म्हणणं वेगळंच. पाकीट देताना रिकामं देऊ नये, आत सव्वा रुपया ठेवावा, हे मी मानते, त्यात मायाच आहे. पण रुमाल देऊ नये, भांडणं होतात. अत्तर देऊ नये, दुरावा येतो. चप्पल देऊ नये, माणूस घर सोडून जातो. काळं तर काहीच देऊ नये. काकूंचा जीव आहे आमच्यावर, त्यांना मी उलट बोलत नाही. तरी चप्पल दिल्याने माणूस घर सोडून जात असता तर आमच्या भागातून ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईला जाणारी माणसं नुसती अनवाणी ठेवली असती तरी घरी राहिली असती. ती जातात ती कामाला जातात.

काकूंची यादी वजा केली तर उरतो मग. त्यावर दोघांचा फोटो छापून मिळतो; गरम पाणी ओतलं की काळ्या मगावर फोटो उमटतो, असाही मिळतो. यांना चहा बशीत लागतो. बशीत ओतून, फुंकर मारून, उभ्या उभ्या. त्या मगाने काय करावं?

तेव्हा ऑनलाइन मागवावं असं तरुण मुली सुचवतात. तिथली अडचण अशी की बँकेत खातं उघडताना मोबाइल नंबर यांचा दिला होता. पैसे कापले की मेसेज यांना. ओटीपी यांना. "ते सहा आकडे सांगा जरा," असं मी शेतात फोन करून विचारायचं, आणि मग त्यांनी विचारायचं, "काय घेतलंस?" इथेच निम्मी मजा संपते. उरलेली निम्मी कुरिअरवाला संपवतो. आमच्या गावात पत्ता कुणी वाचत नाही, माणूस ओळखतात. पार्सल माझ्या नावाचं असलं तरी तो चौकात यांना गाठतो, "भाऊ, वहिनींचं आलंय, घेऊन जाता का?" आणि हे घेऊन येतात. वर, माल बरोबर आहे का म्हणून वाटेतच ब्लेडने चिकटपट्टी कापून बघतात. स्वतःची भेट स्वतःच उघडून, स्वतःच तपासून, स्वतःच घरी आणून माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "तुझं काहीतरी जेन्ट्स आलंय, बदलून घे."

बँकेतला नंबर मी आता बदलून घेतला आहे. सगळ्या बायकांनी घ्यावा. त्याला भेटवस्तूपेक्षा मोठी कारणं आहेत.

इतकं सगळं पार करून वस्तू यांच्या हातात पडते, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला. "कितीला बसलं?" दुसरा, "कुणाच्या दुकानातून? तो आपल्या ओळखीचा आहे, कमी केले असते." तिसरं वाक्य, "कशाला एवढा खर्च." आणि वस्तू गोदरेजच्या कपाटात, वरच्या खणात, "लग्नात-बिग्नात वापरू." यांचं प्रेम नाही असं मी एक क्षणही म्हणणार नाही. माझ्या आजारपणात रात्री उठून पाणी तापवणारा माणूस आहे. पण देणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता वस्तूच्या किमतीकडे बघायचं, हे पुरुषांना लहानपणापासून शिकवलं गेलं आहे. घरासाठी राबणं, आणणं, देणं हे त्यांचं. घेणं म्हणजे कुणाचं तरी देणं लागणं. यांच्या आईनेही यांना कधी शाळेच्या गणवेशाशिवाय काही घेतलं नव्हतं, परवडतच नव्हतं. माणूस चाळीस वर्षं देतच राहिला की घ्यायला हात कसा पसरायचा, ते त्याला येत नाही. माझा खरा राग यावर आहे, आणि तो यांच्यावर नाही.

हाच माणूस पोळ्याच्या आधी बाजारात गेला की बैलांसाठी गोंडे, कवड्यांच्या माळा, घुंगरं, झूल घेताना भाव करत नाही. वर्षभर राबतात, त्यांना एक दिवस सजवायला नको का, म्हणतो. बरोबर म्हणतो. मला तेवढंच करायचं आहे.

म्हणून या वर्षी काय द्यायचं ते मी ठरवलं आहे. रब्बीत आमच्याकडे पाण्याची लाईट आठवडाभर दिवसा, तर आठवडाभर रात्री असते. रात्रीच्या पाळीला हे एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं घेऊन दंडावरून चालतात. बारं मोडायचं झालं की बॅटरी तोंडात धरतात. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि मी इकडे जागी असते. तर डोक्याला बांधायची बॅटरी द्यायची. चार्जिंगची, पाण्यात न बिघडणारी, लांब उजेडाची. पट्टा सैल-घट्ट होणारा, म्हणजे मापाचा प्रश्न नाही. दोन्ही हात मोकळे राहतील. कपाटात ठेवून देता येणार नाही, कारण त्याच रात्री लागणार. मला यापेक्षा प्रेमाची वस्तू सुचत नाही, आणि जिला ही रोमँटिक वाटत नाही तिने एक रात्र दाराशी बसून नवऱ्याच्या बॅटरीचा ठिपका शेतात शोधून पाहावा.

देईन ती हळदीची पट्टी झाल्यावर, ज्या दिवशी मार्केटहून पैसे येतात त्या संध्याकाळी. तेव्हा यांची झोप पुरी झालेली असते आणि किंमत विचारली तरी घाई नसते. कितीला बसली ते मी सांगणार नाही. मोटारी आणि पाइप विकणाऱ्या दुकानात बॅटरी बघून ठेवली आहे. मालकाला म्हटलं, रंगीत कागदात बांधून द्या. म्हणाला, "वहिनी, आमच्याकडं कागद नाही राहत. सेलोटेप आहे, काळी." तर कागद आणि रिबन मी जनरल स्टोअरमधून आणीन. तिथं रिबन सुटी मिळते, तेवढं मी आधीच विचारून घेतलं आहे.